बुडालेल्या कॅमेऱ्यांच्या इंदूकाकी

पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत मी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसले होते. डब्यात काठोकाठ पाणी होतं आणि पाण्याच्या तळाशी आमच्या कॉलेजचा कॅमेरा. कासू स्टेशन गेल्यावर समोरच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं, "जिताडा मासा हाय काय गो?"

"नाही."

"मग काय हाय, एवढं जपतेस ते?"

"कॅमेरा आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून मी झाकण उचलून दाखवलं. त्यांनी वाकून आत पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

मला त्यांचा राग आला नाही. तासाभरापूर्वी फोनवरून हे करायला सांगणाऱ्या बाईबद्दल माझंही मत तसंच झालं होतं.

मी पेणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या सकाळी खाडीकाठी, ओहोटीनंतर चिखलात राहिलेल्या एका डबक्यात, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आपल्या बिळात कशा शिरतात ते टिपायला मी गेले होते. असा कॅमेरा एका पारदर्शक डब्यात घट्ट बंद करून पाण्यात सोडतात. मी सोडला. थोड्या वेळाने पाहिलं तर डब्याच्या आत, भिंगासमोर, पाण्याची रेघ हळूहळू वर चढत होती. विभागाकडे तेवढा एकच कॅमेरा, आणि तो माझ्या सहीवर बाहेर काढलेला. घाबरलेलं माणूस जे जे करतं ते सगळं मी केलं. पदराने पुसला. चालतोय का बघायला बटण दाबलं. घरी आणून तांदळाच्या डब्यात पुरला. मग एका सहकाऱ्याने रोह्याच्या इंदूकाकींचा नंबर दिला.

फोनवर नमस्कार-चमत्कार नाही. पहिला प्रश्न आला, "कशात बुडाला? गोड्या पाण्यात का खाऱ्या?"

"खाडीत."

"बटण दाबलंत?"

"एकदाच. बघायला."

पलीकडे एक उसासा. "आता कुठं हाय?"

"तांदळात."

"का? भात शिजवायचाय त्याचा?" मग आवाज एकदम कामाचा झाला आणि 'तुम्ही'चं 'तू' होऊन गेलं. "ऐक गो. आधी त्याला तांदळातून काढ. ब्याटरी काढ, कार्ड काढ. मग प्यायच्या पाण्यात बुडव, पुरता, आणि तसाच घेऊन ये."

"पुन्हा पाण्यात?"

"पुन्हा. खारं पाणी सुकलं की मीठ मागं राहतं. ते आतलं तांबं खातं. तो ओला हाय तवर जिता हाय. सुकला की मेला."

रोह्यात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पाटी नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर ताणून बसवलेलं पांढरं कापड, आणि कापडावर ओळीने ठेवलेले बारीक ब्रश. काकी साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेल्या. कपाळावर घड्याळजी लावतात तसं भिंग चढवलेलं. माझ्या हातातला डबा घेताना त्यांनी एवढंच म्हटलं, "सांडलं नाय ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला.

पुढचा तासभर मी जे पाहिलं त्यावर मला आजही पटकन विश्वास ठेवता येत नाही. काकींनी कॅमेऱ्याचे स्क्रू काढले. प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात, ज्या जागेचा त्या जागी ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर त्या कॅमेऱ्याच्या वीस-बावीस फोडी झाल्या. मग त्यांनी भिंग आणि पडदा बाजूला ठेवले आणि सर्किटची हिरवी पट्टी, तिच्यावरच्या सगळ्या बारीक जगासकट, उचलून सरळ एका काचेच्या वाडग्यात, शुद्ध पाण्यात सोडली. ब्रशने गोंजारलं. पाणी बदललं. पुन्हा सोडलं. दर वेळी वाडग्यातल्या पाण्याचा एक थेंब करंगळीवर घेऊन त्या जिभेला लावत आणि मान हलवत. "हाय अजून." तिसऱ्या पाण्यालाही, "हाय." चौथ्या पाण्याचा थेंब त्यांनी जिभेवर बराच वेळ ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गेलं." त्यानंतर पट्टी स्पिरिटमध्ये गेली, कारण स्पिरिट उरलंसुरलं पाणी आपल्यासोबत घेऊन उडून जातं.

"आठ दिवसांनी ये. मधे फोन करू नको."

"चालेल ना तो?"

"तू बटण दाबलंस. नसतं दाबलंस तर आत्ताच व्हय म्हटलं असतं."

कॅमेरा चालला. आठव्या दिवशी काकींनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि पडद्यावर त्यांच्या खिडकीतली तुळस दिसली. मला रडू आलं हे कबूल करते. पण मी हात पुढे केला तर काकींनी कॅमेरा मागे ओढला.

"हा वाचला. पुढच्या वेळी वाचणार नाय. आधी शीक, मग ने."

ज्या डब्यात कॅमेरा बंद करतात त्याच्या दोन झाकणांच्या मध्ये रबराचं एक कडं असतं. ओ-रिंग म्हणतात. काकी त्याला बांगडी म्हणायच्या. नदीचं आणि खाडीचं सगळं पाणी बाहेर ठेवायची जबाबदारी त्या एवढ्याशा बांगडीवर. एक केस, वाळूचा एक कण तिच्यावर राहिला तरी पाण्याला वाट मिळते. काकींनी ती माझ्या हातात दिली. "साफ हाय का सांग. डोळ्यांनी नाय, बोटानं."

मी बोट फिरवलं. "साफ आहे."

"परत."

"साफ आहे, काकी."

त्यांनी माझं बोट धरून एका जागी टेकवलं. तरीही मला काही लागलं नाही. मग चिमट्याने त्यांनी तिथून एक पांढरा केस उचलला. त्यांचाच. त्यांनी मुद्दाम घातला होता.

वर्गात मुलांची परीक्षा घेणारी मी त्या दिवशी दोनदा नापास झाले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा. चौथ्या वेळी मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले. "इथे." काकी उठून चहा टाकायला गेल्या. तेव्हा मला कळलं, मी पास झाले होते.

त्यांचे नियम फार नव्हते, पण त्यांत सूट नव्हती. वंगण बोटाला जेमतेम ओल लागेल इतकंच. ते पाणी अडवत नाही, बांगडीला मऊ ठेवतं; फार लावलं की तेच वाळू धरून ठेवतं. डबा बंद करायचा तो घरी, पंखा बंद ठेवून. किनाऱ्यावर उघडायचा नाही. पाण्यातून काढल्यावर आधी गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, मग पुसून, तोंड खाली करून उघडायचा, म्हणजे अडकलेला थेंब बाहेर पडतो, आत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: "आधी रिकामं बुडव." कॅमेरा घालण्याआधी डब्यात टिपकागदाची घडी घालायची, डबा बंद करून बादलीत वीस मिनिटं दाबून ठेवायचा. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत.

चहा पिताना मी विचारलं, हे सगळं कुठे शिकलात. काकींनी ब्रशांकडे बोट दाखवलं. त्या मूळच्या हमरापूरच्या. वडिलांचा गणपतीचा कारखाना. बाराव्या वर्षापासून त्या मूर्तींचे डोळे लिहायच्या. एका श्वासात भुवई, दुसऱ्या श्वासात पापणी. हात हलला तर मूर्ती वाया. लग्न होऊन रोह्याला आल्या. यजमान धाटावच्या एका कंपनीत मेकॅनिक. पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या बांगड्या बदलणं हे त्यांचं काम. तिथे बांगडी चुकली तर ॲसिड अंगावर येतं. शिफ्टवरून आले की ते रात्री जेवताना काकींना आज कुठली बांगडी का गळली ते सांगत. "दुसऱ्या बायकांना नवरे कंपनीतल्या भानगडी सांगायचे," काकी म्हणाल्या. "मला गळत्या सांगायचे. मला आवडायचं पण."

यजमानांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. रोह्याच्या कुंडलिका नदीवर राफ्टिंग सुरू झालं, पर्यटक हेल्मेटवर कॅमेरे लावून यायला लागले, आणि ते कॅमेरे नदी गिळायला लागली. एका राफ्टवाल्याने बुडालेला कॅमेरा काकींच्या यजमानांची आठवण ठेवून घरी आणून दिला. यजमान नव्हते. काकींनी त्यांची हत्यारं काढली, आपले ब्रश काढले आणि कॅमेरा उघडला. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "मेलेलाच होता की. अजून काय मारणार होते मी त्याला?"

त्यानंतर मी दर वर्षी, काही कारण नसलं तरी, काकींकडे जात राहिले. बांगडी तपासून घ्यायची हे निमित्त. खरं कारण त्यांना काम करताना बघणं. त्यांच्या स्वयंपाकघरात एक वेगळा तवा होता. त्यावर त्या कॅमेऱ्यात ठेवायच्या पुड्यांमधले ओल शोषणारे दाणे मंद आचेवर परतायच्या. ओल धरून गुलाबी पडलेले दाणे तव्यावर हळूहळू निळे होत. पोह्यांसारखे हलवत असायच्या. एकदा शेजारणीने सवयीने त्यातले दोन दाणे तोंडात टाकण्यासाठी उचलले आणि काकींनी तिच्या हातावर उलथनं मारलं. भादव्याच्या आधी महिनाभर त्या हमरापूरला भावाकडे जायच्या, डोळे लिहायला. त्या महिन्यात कुणाचा कॅमेरा बुडाला तर फोनवर एकच वाक्य: "पाण्यात ठेव, मी येते." रोह्यात निदान चार घरी तेव्हा बरणीत कॅमेरे पोहत असायचे.

खोटं त्यांना चालत नसे. संदेश म्हणून एक राफ्ट चालवणारा होता, पस्तिशीचा, दणकट, नदीत कुणी पडलं की सगळ्यात आधी उडी मारणारा. तो एकदा कॅमेरा घेऊन आला तेव्हा मी तिथेच होते.

"बटण दाबलंस?"

"नाय, काकी. शपथ."

काकींनी कॅमेरा उघडला, भिंग डोळ्यावर ओढलं, बराच वेळ पाहिलं. मग संदेशला जवळ बोलावून भिंग त्याच्या डोळ्याला लावलं. "हा काळा डाग दिसतो? सुईच्या टोकाएवढा? वीज पाण्यातून गेली की पडतो. ही तुझी शपथ."

सहा फुटी माणूस खाली बघत म्हणाला, "तीनदा दाबलं."

"पाणी मारीत नाय रे कुणाला," काकी कॅमेरा त्याच्या हातात परत देत म्हणाल्या. "घाई मारते. ने. हा मेला."

त्यानंतर संदेश काकींशी कधी खोटं बोलला नाही. आणि म्हणूनच तो दिवस उजाडला तेव्हा वेळ वाया गेला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. नदीचं पाणी निवळलं होतं. मी सकाळी काकींकडे बसले होते, तेवढ्यात संदेश आत आला, चपला न काढता. अंगावर ओले कपडे. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"काकी, आपल्या रेस्क्यू टीमचा. गोडं पाणी. अर्धा तास झाला. बुडाल्या बुडाल्या वर काढला, बटण नाय दाबलं. ब्याटरी काढलीय. बांगडीवर वाळू गेली. ब्याटरी बदलताना काठावरच उघडला. माझीच चूक हाय."

मग त्याने बाकीचं सांगितलं. नदीकाठच्या एका आदिवासी वाडीतला बाळाराम, मजुरीवरून घरी येताना नदी ओलांडत होता. वरच्या वीजघरातून पाणी सुटतं तेव्हा कुंडलिका बघता बघता चढते. तो वाहून गेला त्याला आता दोन दिवस झाले होते. त्याची टोपी आणि एक चप्पल एका डोहाजवळ मिळाली. डोह खोल, तळाला कपारी. पाणबुडे जाऊन आले, गळ टाकून झाले. एका कपारीत माणूस शिरू शकत नाही, पण बांबूला बांधलेला कॅमेरा शिरतो. विनंती करून वरचं पाणी एक दिवस थांबवलं होतं. उद्या सकाळी ते सुटणारच. सुटलं की कपारीत जे काही असेल ते नदी कुठे नेईल सांगता येत नाही.

"त्याची बायको दोन दिवस तिथंच बसलीय," संदेश म्हणाला. "उठत नाय. जेवत नाय."

काकींनी टॉवेल उलगडला. कॅमेरा हातात घेऊन, डोळे बारीक करून, सगळीकडून पाहिला. मला त्यांचं 'आठ दिवसांनी ये' आठवत होतं. त्यांच्याकडून घाईत काम झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"दुपारपर्यंत चालवून देईन," त्या म्हणाल्या. "पण नीट सुकवायला वेळ नाय. आतली ओल राहणार. आजचा दिवस चालेल, मग कायमचा जाईल. कबूल हाय?"

"कबूल."

"तुझा एकट्याचा नाय तो. विचार सगळ्यांना."

त्या टीमकडे तो एकच कॅमेरा होता आणि तो मिळवायला त्यांनी किती वर्षं कुणाकुणाचे उंबरे झिजवले होते हे रोह्यात सगळ्यांना माहीत होतं. संदेशने दारात उभं राहून फोन लावला. बोलणं चार वाक्यांचं झालं. आत येऊन तो म्हणाला, "सगळे व्हय म्हणतात."

काकींनी पदर खोचला. मला म्हणाल्या, "दिवा धर. आणि बोलू नको."

पुढचे तीन तास मी दिवा धरला. कॅमेरा उघडला गेला. पट्टी स्पिरिटमध्ये गेली, दोनदा. मग काकींनी कोपऱ्यातली एक जाड काचेची हंडी काढली. यजमानांनी कंपनीतल्या मोडीत निघालेल्या पंपाला जोडून बनवलेली. झाकण लावून पंप सुरू केला की आतली हवा निघून जाते आणि ओल आपोआप उडायला लागते. पंप धडधडत होता, संदेश भिंतीला टेकून उभा होता, आणि काकी हंडीकडे टक लावून बसल्या होत्या.

पट्टी बाहेर आली. जोडून पाहिली. पडदा काळाच. भिंगाखाली काकींना दिसलं: एका जागी तांब्याची एक रेघ जळून तुटली होती. रेघ केसाएवढी. त्यांनी एक तार सोलली, तिच्या आतल्या बारीक तंतूंमधला एक वेगळा केला. डाग द्यायचं सुईसारख्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न उजव्या हातात, तंतू डाव्या हातातल्या चिमट्यात. माझा दिवा हलत होता. काकींनी न बघता म्हटलं, "श्वास सोड आणि मग धर." त्यांनीही श्वास सोडला. टोक टेकलं, धुराची एक रेषा वर आली, टोक उचललं. एवढंच. मी इतक्या जवळून पाहत होते तरी त्यांचा हात हलल्याचं मला दिसलं नाही. पडद्यावर संदेशचे ओले पाय दिसायला लागले.

संदेशने कॅमेरा घ्यायला हात पुढे केला. काकींनी त्याच्या हातात रिकामी बादली दिली. "भरून आण."

"काकी, एक वाजून गेला. अंधाराच्या आत—"

"बादली."

यजमानांच्या पेटीतून त्यांनी नवी बांगडी निवडली, बोट फिरवलं, बसवली. डब्यात टिपकागदाची घडी. डबा बंद. बादलीत बुडवून वर दगडी वरवंटा. "वीस मिनिटं."

संदेशचा आवाज चढला. "वेळ नाय आपल्याकडं!"

"नाय ना?" काकी शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर. दुसऱ्यांदा बुडाला तर मग काय करशील?"

ती वीस मिनिटं मला आयुष्यातली सगळ्यात लांब वाटली. संदेश अंगणात फेऱ्या घालत होता. काकींनी मला आणि त्याला जबरदस्तीने भाकरी वाढली. कुणाला गेली नाही. वीस मिनिटांनी डबा काढला, पुसला, तोंड खाली करून उघडला. काकींनी कागद उलगडला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

एका कोपऱ्यात, नखाएवढा, तो ओला होता.

नवी बांगडी, नवं वंगण, सगळं बरोबर. आणि तरीही डोहाच्या तळाला कॅमेरा पुन्हा भरला असता. मग त्या दिवसात दुसरी संधी नव्हती.

काकींनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. डोळे मिटलेले. एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवताना खिटीपाशी बोट थांबलं. प्लॅस्टिकला तिथे एक चीर होती, जी मला नंतर भिंगातूनही नीट दिसली नाही. खडकावर आपटून गेलेली असणार. त्यांनी काचकागदाने ती जागा घासली, काहीतरी चिकट भरलं, सुकू दिलं, पुन्हा घासून गुळगुळीत केलं. एक खिटी बदलली. आणि पुन्हा कागद, पुन्हा बादली, पुन्हा वरवंटा. या वेळी संदेश बादलीपाशी उकिडवा बसून पाण्याकडे बघत राहिला.

कागद कोरडा निघाला. काकींनी तो गालाला लावून पाहिला.

डबा त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही. "काठावर उघडायचा नाय म्हणजे नाय," म्हणत कॅमेरा घरातच आत घातला, निळ्या दाण्यांची पुडी ठेवली, खिट्या लावल्या आणि डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या. मीही गेले.

डोहाकाठी माणसं होती, पण आवाज नव्हता. बाळारामची बायको एका सपाट खडकावर बसली होती. नदीकडे तोंड, गुडघ्यांना मिठी. टीमने डबा बांबूला बांधला आणि पाण्यात सोडला. सगळे पडद्याभोवती गोळा झाले. मीही. काकी मात्र तिकडे फिरकल्याही नाहीत. त्या जाऊन त्या बाईच्या शेजारी खडकावर बसल्या. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. थोड्या वेळाने बाईने विचारलेलं मला ऐकू आलं.

"तुमी कोन?"

"रोह्याची," काकी म्हणाल्या. "ते मशिन दुरुस्त केलंय मी."

"दिसंल काय त्यात?"

"असला तर दिसेल."

मग बाई म्हणाली, "सापडला तर घरी नेईन. नाय सापडला तर कुठं बघू मी?"

काकींनी आपला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

ऊन कलायला लागलं तेव्हा कपारीच्या आत, पडद्यावर, शर्टाची निळी चौकट दिसली. संदेशने हात वर केला. पाणबुड्यांनी दोरी नेली आणि बाळारामला वर आणलं. बायकोने त्याला पाहिलं, त्याच्या कपाळावरची वाळू हाताने पुसली, आणि मग दोन दिवसांचं रडू तिच्यातून बाहेर पडलं. काकी उभ्या राहून नदीला पाठ करून डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पाणी सुटलं. त्याच सकाळी कॅमेऱ्याचा पडदा काळा पडला, तो पुन्हा कधी उजळला नाही. संदेशने फोन करून सांगितलं तेव्हा काकी म्हणाल्या, "त्याचं काम झालं होतं." गावात ही गोष्ट पसरली, टीमला पुढे कुणीतरी नवा कॅमेरा दिला, कुणी काकींचा सत्कार करायचा म्हणून घरी आलं. काकींनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. "माणूस जिता निघाला असता तर मी आले असते सत्काराला," एवढंच बोलल्या.

मी अनेक हुशार माणसं पाहिली आहेत. शास्त्रज्ञ पाहिले आहेत. पण वेळ अजिबात नाही तेव्हाही ज्याला वीस मिनिटं थांबता येतं, आणि थांबल्यावर चूक निघाली तर पुन्हा वीस मिनिटं थांबता येतं, असं माणूस मी एकच पाहिलं. मुलांना शिकवताना मी हे सांगायचा प्रयत्न करते. नीट जमत नाही.

काकींनी काम बंद केलं ते कुणी सांगितलं म्हणून नाही. एका पावसाळ्यात मी गेले तर टेबल रिकामं. पांढरं कापड घडी करून ठेवलेलं. म्हणाल्या, परवा एक स्क्रू लावताना हात हलला. "किती?" मी विचारलं. "एवढासा," त्यांनी चिमटीत काहीच न दाखवता दाखवलं. त्याच दिवशी त्यांनी घरात दुरुस्तीला आलेले तिन्ही कॅमेरे मालकांना परत दिले, आणि त्यांना मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता लिहून दिला. मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी विषय सोडला.

मुलगी कोल्हापूरला होती. ती हिवाळ्यात त्यांना कायमचं न्यायला येणार ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी मी काकींना म्हटलं, चला, तुम्हाला एक जागा दाखवते. रोह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातून एक ओढा येतो. हिवाळ्यात त्याचं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचे खडे मोजावेत. मी तिथे मासे टिपायला जाते. बरोबर डोळ्यांवर लावायची काच आणि श्वास घ्यायची नळी घेतली होती.

तिथे पोचल्यावर मला कळलं की काकींनी आयुष्यात पाण्याखाली कधी डोळे उघडले नव्हते. पोहता येत नव्हतं. नदीकाठी चाळीस वर्षं राहून त्या गुडघ्याच्या वर पाण्यात गेल्या नव्हत्या. इतकी वर्षं त्यांच्या हातून गेलेल्या कॅमेऱ्यांनी काय काय पाहिलं, ते त्यांनी फक्त पडद्यावर, चालतोय का बघण्यापुरतं पाहिलं होतं.

"भीती वाटते गो," त्या म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी हात धरून त्यांना पाण्यात नेलं. साडी वर खोचलेली, पाणी मांडीपर्यंत. काच त्यांच्या डोळ्यांवर बसवली. कडेला अडकलेले केस मी बाजूला केले तर म्हणाल्या, "नीट बघ, राहिला असेल." मी पुन्हा बोट फिरवलं. मग नळी तोंडात धरून त्या एका खडकाचा आधार घेऊन वाकल्या आणि हळूच चेहरा पाण्यात घातला.

सुरुवातीला पाठ ताठ होती. नळीतून श्वासाचा आवाज भराभर येत होता. मग सावकाश येऊ लागला. त्यांच्या पायांभोवती मळ्या माशाची छोटी पिल्लं गोळा झाली होती; पायाच्या बोटांना टोचत असणार. काकी हलल्या नाहीत. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. पाणी थंड होतं. मी घाबरले. "काकी," मी हाक मारली. "काकी, पुरे आता. गारठाल."

त्यांनी चेहरा वर काढला नाही. फक्त उजवा हात पाण्याबाहेर आला, बोटांवरून पाणी निथळत होतं, आणि त्या हाताने त्यांनी मला खूण केली: थांब.